कोरियातले राजवाडे पाहिलेत का? अनुभव लिहा

रानजाई
काल लेक कोरियन मालिका बघत होती. राजा दरबाराच्या अंगणातून चालत आला आणि माझं लाटणं थांबलंच. त्याच अंगणात सहा वर्षांपूर्वी आई आणि मी होतो! सोलचा ग्योंगबोकगुंग राजवाडा. आईचे गुडघे दुखायचे आणि तिथली फरशी मुद्दाम खडबडीत ठेवलेली, ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून. दोन्ही बाजूंना दरबाऱ्यांच्या हुद्द्यांचे दगड रोवलेत. एकेका दगडापाशी दम खात आई दारापर्यंत पोचली. आत सिंहासनामागच्या पडद्यावर सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी. तिने हात जोडले. म्हणाली, "अगं, हे तर यावच्चंद्रदिवाकरौ!"
आई आता नाही. तुमच्या आठवणी लिहा ना, कसल्याही.

अभि_के
मंगळवारी गेलो. दार बंद, साप्ताहिक सुट्टी. मग सोलच्याच दुसऱ्या राजवाड्याला, चांगदोकगुंगला (तो सोमवारी बंद, लक्षात ठेवा). मागच्या बागेचं तिकीट वेगळं. नोव्हेंबर होता, तळ्यावर लाल पानं तरंगत होती, काठाशी छोटासा मंडप. बायको अर्धा तास एक शब्द बोलली नाही. मीही.

वैशूमाई
हानबोक (कोरियन पारंपरिक पोशाख) घातला की प्रवेश फुकट, हे लिहिलंच नाही कुणी!! आम्ही तिघी जावांनी भाड्याने घेतले. घेर एवढा की मेट्रोच्या जिन्यावर एकमेकींचा उचलून धरला.

सोनचाफा
@वैशूमाई नऊवारीला फुकट सोडतील का गं?

वैशूमाई
नाही गं, हानबोकलाच. पण तिकीट ३००० वॉनच आहे. काढ आणि नऊवारीच नेस! फोटो हवेत.

घाटवाट
ग्योंगबोकगुंग १३९५चा वाडा. १५९२त जपानी स्वारीच्या वेळी जळाला, पावणेतीनशे वर्षं ओसाड. १८६७त पुन्हा उभा केला. पुढे जपानी राजवटीत बहुतेक इमारती पाडल्या आणि १९२६ला पुढ्यातच त्यांचं सरकारी मुख्यालय उभं राहिलं. ते कोरियनांनी १९९५ला पाडायला घेतलं आणि वाडा एकेक दालन करत परत बांधतायत. रायगडावर नुसती जोती बघत वाढलोय मी. तिथे नव्या लाकडाचे खांब दिसले आणि घसा दाटून आला. जास्त लिहीत नाही.

रानजाई
@घाटवाट लिहा हो, वाचतेय.

टिपूर
सोलजवळ सुवॉनला राहते, पाहुणे आले की ग्योंगबोकगुंगची वारी ठरलेली. जानेवारीत या, गर्दी कमी, पण कान झाकून! खोल्यांच्या जमिनीखालून धूर खेळवून ऊब आणायचे, ओंदोल म्हणतात. राणीच्या महालामागे त्याची धुराडी आहेत, विटांची, अंगावर फुलं नि पक्षी. धुराड्याला एवढं सजवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. आमच्या कोकणातल्या घरी न्हाणीच्या चुलीशेजारची भिंत अशीच ऊबदार असायची, आजी तिथेच टेकून बसायची.

सोनचाफा
@टिपूर आमच्याकडे मांजर बसायचं तिथे 😄 शाकाहारी खायला मिळतं का गं?

टिपूर
बिबिमबाप (भाज्या घालून कालवलेला भात), अंडं-मांस नको सांगायचं. मेतकूट आण बरोबर, माझ्यासाठीपण.

अंगणवेल
विषय सोडून विचारते, रानजाई, आईंनी गुडघ्याचं ऑपरेशन केलं होतं का? सासूबाईंना सांगितलंय, त्या घाबरल्यात.

रानजाई
@अंगणवेल उजव्याचं केलं होतं, कोरियाला त्यानंतरच गेलो. व्यायाम रोज केला तिने, कुरकुरत, पण केला. सासूबाईंना फोनवर बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. संध्याकाळी मोकळी असते.