उमेदवारी ‘देतात’, ‘कापतात’ की ‘भरतात’?

गिरगावकर: महापालिका निवडणुकीवरचा एक लेख मुद्रितशोधनाला आलाय. एकाच परिच्छेदात ‘उमेदवारी दिली’, ‘उमेदवारी कापली’ आणि ‘उमेदवारी दाखल केली’. पहिल्या दोन्हींचा कर्ता पक्ष, तिसरीचा माणूस. मग उमेदवारी नक्की कुणाची? शब्द फारसी, उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. माझे आजोबा गिरणीत लागण्याआधी लालबागला एका शिंप्याकडे ‘उमेदवारी’ करत होते. पगार नाही, काजं-बटणं करायची, कधीतरी मशीनवर बसवतील म्हणून. तो अर्थ या अर्थाला कसा जोडायचा?

भांडुपकर: ताई, आजोबांचा अर्थ अजून चालू आहे. आमच्याकडे दहीहंडीचे बॅनर, टँकरसाठी फोन, जूनमध्ये वह्यावाटप, हीच पाच वर्षांची उमेदवारी. फक्त तेव्हा त्याला ‘इच्छुक’ म्हणतात. विशेषण होतं बिचारं, आता नाम झालं: ‘वॉर्डात अकरा इच्छुक आहेत.’

कायद्याचं विचाराल तर पक्षाकडे द्यायला उमेदवारी नसतेच. मुंबईच्या यादीत नाव असलेला माणूस, वय-आरक्षणात बसत असेल तर, २२७ पैकी कुठल्याही प्रभागातून अर्ज भरू शकतो. छाननीत टिकला की झाला उमेदवार. पक्ष देतो ते चिन्ह. पण त्याचा कागद म्हणजे एबी फॉर्म, आणि सगळा जीव त्यात. बोलताना एकच म्हणतो, असतात दोन. ‘ए’मध्ये पक्ष कळवतो की आमच्या वतीनं सही कोण करणार, ‘बी’मध्ये त्या सहीनं उमेदवाराचं नाव. सही शाईचीच लागते, झेरॉक्स चालत नाही.

२०१७ला मी एका मित्राचा सूचक होतो. अनामत भरलेली, अर्ज फाइलीत, फाइल पोटाशी धरलेली. दर दहा मिनिटांनी फोन, ‘वरून निघालाय.’ वेळ संपायला वीस मिनिटं असताना एकजण पाकीट घेऊन आला आणि आमच्यासमोरून रांगेतल्या दुसऱ्याकडे गेला. मित्रानं अर्ज तसाच भरला, अपक्ष. दुसऱ्या दिवशी पेपरात तो ‘बंडखोर’. बंड कुणाविरुद्ध? मतदारांनी तर अजून काही ठरवलंच नव्हतं. पुढे बंगल्यावर बोलावणं आलं, माघारीच्या दिवशी बंडोबाचा थंडोबा झाला.

दादरकर: ‘वरून’वरून आठवलं. पक्षश्रेष्ठी! संस्कृतात ‘श्रेष्ठिन्’ म्हणजे मोठा व्यापारी, त्यांच्या संघाचा प्रमुख. त्याचाच प्राकृतातून घसरत ‘शेठ’ झाला. म्हणजे पक्षश्रेष्ठी हे शब्दशः पक्षाचे शेठ. आपण ते ‘श्रेष्ठ’चं आदरार्थी रूप समजून वापरतो. शिवाय कायम अनेकवचनी, ‘श्रेष्ठींनी ठरवलं’. ठरवणारा एकटाच असला तरी त्याचं नाव घ्यावं लागत नाही, ही सोय मोठी.

‘तिकीट’ही बघा. बेस्टमध्ये ते आपण काढतो, कंडक्टर फाडतो आणि प्रवास सुरू होतो. राजकारणात ते ‘मिळतं’, आणि ‘कापलं’ की माणूस स्टॉपवरच. ‘काढलं’ असं मात्र कुणी म्हणताना ऐकलं नाही. (पैसे मोजले असले तरी.)

भांडुपकर: काका, कंसातलं बोलू नका, इथे सगळे वाचतात.

गिरगावकर: दोघांचे आभार. ‘उमेदवारी दाखल केली’चं मी ‘अर्ज भरला’ केलं. बाकीची दोन वाक्यं तशीच ठेवली, ती बरोबरच होती.