बाबा सांगत असतात आणि मी नुसतं ‘हं, हं’ करते. कुणी काय केलंय यावर?

संध्याकाळची_लोकल
राहते डोंबिवलीला, नोकरी फोर्टात. घरी यायला पावणेआठ होतात. तीन आठवड्यांपूर्वी बाबा (वय 79) म्हणाले, “अगं, नाना गेला.” मी सोसायटीच्या ग्रुपवर टँकरवरून चाललेलं भांडण वाचत होते. म्हटलं, “अरे वा, कुठे?”

बाबा काही बोलले नाहीत. उठून गॅलरीत जाऊन बसले. नाना म्हणजे पोस्टातला त्यांचा पस्तीस वर्षांचा सोबती. मला कळलं दुसऱ्या दिवशी, पेपरातून कापून ठेवलेलं कात्रण दिसलं तेव्हा.

‘फोन बंद ठेवा’ एवढंच कृपया सांगू नका. ऑफिसचा ग्रुप नऊपर्यंत वाजतो, मुलीचा अभ्यास फोनवर येतो, उद्या दूध नको हेही तिथेच कळवायचं, बाबांच्या गोळ्याही ॲपवरून. ॲपला वेळेची मर्यादा लावून पाहिली. ‘वेळ संपली’ दिसलं की ‘आजच्यापुरतं राहू दे’ दाबते. डोक्याच्या आधी अंगठा पोचतो.

कृष्णाकाठ
ताई, आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. 15 ऑगस्ट 2022 पासून तिथं संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाईल बंद. 8:30 ला दुसरा भोंगा होईस्तोवर पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचत नाहीतर बोलत बसतात. कोरोनात शाळा फोनवर भरली आणि पोरांच्या हातून फोन सुटेना, तिथून निघालेली गोष्ट.

माझ्या मते खरी गंमत भोंग्याची नाही. सगळ्यांचेच बंद असतात, त्यामुळं आपलं काही हुकतंय असं वाटत नाही. शिवाय दीड तासानं परत मिळणार हे ठाऊक असतं. डोंबिवलीत भोंगा कोण वाजवणार म्हणा! आमच्या घरी कुकर आहे. रात्रीच्या भाताची पहिली शिट्टी झाली की फोन फ्रिजवर. जेवणं उरकून भांडी पडेपर्यंत. मोडतो आम्हीपण, मॅच असली की हमखास.

जाड_भिंगाचा_चष्मा
भोंगा छान, पण माझा मुलगा टोरांटोला. आपले रात्रीचे आठ म्हणजे त्याचे सकाळचे साडेदहा, थंडीत साडेनऊ. तेवढीच त्याची चहाची सुट्टी. त्याच वेळी फोन फ्रिजवर ठेवला तर पोराशी बोलू कधी?

फोन राहू द्या, मेसेजचा आवाज घालवा. वाजायचं ते फक्त कॉलला. ज्याचं खरंच अडलंय तो फोन करतो. व्हॉट्सॲपचे ग्रुप आर्काइव्हमध्ये टाका. नवा मेसेज आला तरी यादीत वर येत नाहीत. ऑफिसच्या ग्रुपवर कुणी तुम्हाला टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तरच सूचना येते. सोसायटीच्या टँकरला कोण टॅग करतंय!

आणि एक मनगटी घड्याळ घ्या. मी नुसती वेळ बघायला फोन उचलायचो आणि वीस मिनिटांनी वेळ न बघताच खाली ठेवायचो.

पोहे_बिनशेंगदाण्याचे
सगळं ठीक, पण बाबांना विचारलंत का, त्यांना किती वेळ हवाय?

संध्याकाळची_लोकल
नव्हतं विचारलं! मी आपली रोज दोन तासांचा बेत आखत होते. बाबा म्हणाले, “आल्यावर चहा घेतेस ना, तेवढं पुरे. साडेआठला मला बातम्या असतात.”

ग्रुप आर्काइव्ह केले. ऑफिसमधल्या एकाने लगेच मला टॅग केलं, ते जाऊ दे. घड्याळ आईचं जुनं निघालं, सेल टाकला. चहाला फोन आत चार्जिंगला असतो. काल बाबा नानांचं सांगत होते, 1974 च्या रेल्वे संपात टपालाच्या थैल्या कशा तुंबल्या आणि दोघं त्यांच्यावरच कसे झोपले. मधेच आत फोन वाजला. मी हलले नाही. बाबा मात्र टुणकन उठले. त्यांचा होता.