वर्गात खोटं पकडताना: तुमचे अनुभव सांगा

खडूची_भुकटी

गेल्या आठवड्यात नववी-ब वर निबंधाचा तास चालू होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात पहिला नंबर दिलाय, ते लिहिलं तर चालेल?" मी म्हटलं, युनेस्को असले नंबर देत नाही, तो जुना खोटा मेसेज आहे. त्यावर पोरगा शांतपणे म्हणाला, "पण सर, तो आपल्या पालकांच्या ग्रुपवर शाळेकडूनच आला होता." वर्ग खिदळला. मी फळा पुसायला लागलो. फळा कोराच होता.

यंदा आठवी-नववीला 'माहिती तपासणे' असा आठवड्याला एक तास माझ्या गळ्यात पडलाय. 'पाठवण्याआधी विचार करा' हे पोस्टर लावून झालं, मुलांनी त्याच्यासमोर सेल्फीही काढले. पुढे काय करायचं ते सुचत नाही. तुम्ही वर्गात, शिकवणीत, घरात प्रत्यक्ष काय केलंत ते लिहा. फसलेलं आधी लिहा.

अक्षवृत्त

मी भूगोल शिकवते. दर ऑगस्टला एक मेसेज उगवतो: २७ ऑगस्टच्या रात्री मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र! आधी मी "खोटं आहे" म्हणून मोकळी व्हायचे, आणि मुलं रात्री गच्चीवर जायचीच.

एका वर्षी गणित घातलं. मंगळाचा व्यास साधारण ६,७८० किमी, चंद्राचा ३,४७४. म्हणजे मंगळ जवळजवळ दुप्पट रुंद. मग तो चंद्राएवढा दिसायला किती अंतरावर हवा? चंद्राच्या दुप्पट, साडेसात लाख किमी. आणि २००३ च्या २७ ऑगस्टला तो खरंच विक्रमी जवळ आला होता तेव्हा किती दूर होता? ५ कोटी ५७ लाख किमी. आता भागा. मुलांनी भागलं, उत्तर आलं ७४ आणि काहीतरी.

मग मी मूळ मेसेज फळ्यावर लिहिला. तो २००३ चाच, आणि मुळात खोटा नव्हताच! त्यात म्हटलं होतं की दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिलात तर मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. वाक्य मध्येच तुटलं, दुर्बीण एका ओळीत राहिली, चंद्र दुसऱ्या ओळीत गेला. पुढे पाठवणाऱ्यांनी दुर्बीण गाळली, वर्षही गाळलं. आपल्या वहीतला ७४ आणि फळ्यावरचा ७५ शेजारी पाहून एका मुलीने "अय्या बाई!" असा आवाज काढला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

आता माझ्या वर्गात ठरलेला प्रश्न असतो: "यातून काय गाळलंय?"

दोन_शिक्षकी

आमची जि.प.ची शाळा, चौथीपर्यंत. मुलांकडे मोबाईल नाहीत, पण म्हणून काही अडत नाही. जुन्या पेपरातला फोटो घ्यायचा, खालची ओळ कापून ठेवायची आणि चार गटांना तोच फोटो द्यायचा. मी दिला तो बायकांच्या रांगेचा, प्रत्येकीच्या हातात हंडा. एका गटाने लिहिलं 'पाणीटंचाई', दुसऱ्याने 'पुढारी येणार म्हणून स्वागत'. तिसऱ्याने 'हंड्यांचा सेल'. आमच्या पाड्यावर सेल कधी लागला नाही, पण शब्द पोचलाय. कापलेली ओळ वाचली तर यात्रेत पाणी वाटणाऱ्या बायका निघाल्या. फोटो चौघांचा एकच. खर्च शून्य, कात्री तेवढी बाईंच्या घरची.

पांझराकाठ

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात अकरावी-बारावीला शिकवतो. एवढ्यावरून काहींना कळलं असेल.

१ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा बाजार. मंगळवेढ्याकडचे पाच जण आले होते, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट असलेले. पोरं पळवणारी टोळी म्हणून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. टोळीचे मेसेज त्याआधीपासून फिरत होते.

कित्येक वर्षं मी हा विषय वर्गात काढला नाही. माझ्या पोरांपैकी कुणाच्या घरचं कोण त्या दिवशी बाजारात होतं, मला माहीत नाही. विचारणारही नाही.

गेल्या वर्षी मात्र त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ दाखवला. गल्लीत क्रिकेट खेळणारी मुलं, मोटरसायकलवर दोघे येतात, एक पोरगं उचलतात आणि पसार. तिथे थांबवलं आणि दोन रकाने करायला सांगितले: 'काय दिसलं' आणि 'काय वाटलं'. पहिल्या रकान्यात बहुतेकांनी 'टोळी' लिहिलं. टोळी दिसली कुठे? दिसले दोन माणसं, एक गाडी, एक पोरगं. टोळी दुसऱ्या रकान्यातली. हे पटवायला अर्धा तास गेला, आणि माझ्या मते खरा तास तोच.

मग पूर्ण फिल्म लावली. ती कराचीची, मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेने बनवलेली. शेवटी ते दोघे गाडी वळवून परत येतात, पोराला खाली उतरवतात आणि फलक धरतात: मूल पळवायला क्षणही पुरतो, लक्ष ठेवा. पसरवणाऱ्याने तेवढाच भाग कापला होता.

वर्गात कुणी बोललं नाही. राईनपाडा घडलं त्याच जुलैत व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली, हे सांगितल्यावर एकाने हिशेब केला: तेव्हाच्या एका ग्रुपात २५६ माणसं, पाच ग्रुप म्हणजे १,२८०. "सर, आमचं गाव त्यात दोनदा बसतं." तास संपताना एका मुलीने विचारलं, कापणाऱ्याला शिक्षा झाली का. मला उत्तर देता आलं नाही.

पॉलिटेक्निकवाला

थोडक्यात. डीपफेक, म्हणजे संगणकाने बनवलेले खोट्या चेहऱ्या-आवाजाचे व्हिडिओ, शिकवताना 'ओठ बघा, बोटं मोजा' असल्या खुणांवर मी एक अख्खं सत्र घालवलं, ते फुकट गेलं. खुणा दर सहा महिन्यांनी जुन्या होतात. २०२४ च्या जानेवारीत सचिन तेंडुलकरचा गेमिंग ॲपची जाहिरात करणारा व्हिडिओ आला. तो खोटा असल्याचं त्याने स्वतःच सांगितलं. मुलांना आता एवढंच विचारतो: हे सचिनच्या स्वतःच्या खात्यावर आहे का? नसेल तर का नाही?

स्लो_लोकल

आमच्याकडे शाळेने अर्धंच शिकवलं.

लेक आठवीत. फॅमिली ग्रुपवर माझ्या सासऱ्यांनी टाकलं: आज रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून कॉस्मिक किरणं जाणार, मोबाईल लांब ठेवा, बातमी सिंगापूर टीव्हीची. दोन मिनिटांत लेकीचं उत्तर: "आजोबा हे फेक आहे. प्लीज असं पसरवू नका." खाली लिंक. ग्रुपात बेचाळीस माणसं, त्यात पुण्याच्या आत्या आणि नव्याने जोडलेले व्याही.

बाबा, म्हणजे माझे सासरे, काही बोलले नाहीत. संध्याकाळचा चहा खोलीत मागवला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ओळ दिसली, अमुक नंबर बाहेर पडला. लेक रडवेली: "आई, पण मी खरंच सांगितलं ना?" सांगितलंस गं. पण बेचाळीस जणांत सांगितलंस.

बाबा आयुष्यभर सरकारी हिशेब खात्यात होते. सहीशिवाय व्हाउचर पास केलं नाही, हा त्यांचा घरातला पोवाडा. लेकीनेच ते पकडलं. नंतर त्यांना कुणीतरी 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत, नासाचा फोटो' धाडला. ती फोन घेऊन शेजारी बसली. "आजोबा, या व्हाउचरवर सही कुणाची हो?" दोघांनी मिळून फोटो उलटा शोधला, म्हणजे तोच फोटो नेटवर टाकून आधी कुठे आलाय ते पाहिलं. निघालं असं की तो एका रात्रीचा नाहीच. १९९२ ते २००३ मधल्या उपग्रहांच्या नोंदी एकावर एक रचून, दिवे कुठे वाढले ते रंगांनी दाखवलेला नकाशा तो. बाबा चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे अकरा वर्षांची थकबाकी एका दिवशी दाखवली."

ते ग्रुपात परत आलेत. आता काही आलं की आधी नातीला एकटीला पाठवतात, खाली एकच शब्द: "सही?"

बेसाल्ट

उलटा अनुभव लिहितो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. तीन महिने असले तास घेतल्यावर माझ्या वर्गाला रोगच लागला. दिसेल ते "फेक". एकदा मी गुलाबी पाण्याने भरलेल्या तळ्याचा फोटो दाखवला. एकतीसच्या एकतीस हात वर: फोटोशॉप! एडिट!

फोटो लोणारचा होता. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले, लोणार आमच्या घरचं. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी खरोखर गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. हे सांगितल्यावर एक पोरगा हळूच उठला: "सर, माझ्या मामाने बाटलीत आणलं होतं ते पाणी. मी पाहिलंय." मग हात का वर केलास? "सगळ्यांनी केला म्हणून."

तेव्हापासून खरं की खोटं याला मी मार्कच ठेवले नाहीत. पाचपैकी पाचही मार्क 'कशावरून?' ला. पहिल्या चाचणीत निम्मा वर्ग नापास झाला आणि पालक भेटायला आले. ती कहाणी वेगळी.

खडूची_भुकटी

बेसाल्ट, तो लोणारचा फोटो मी सोमवारच्या तासाला चोरतोय. अक्षवृत्त, भागाकार गणिताच्या सरांना दाखवला, ते म्हणाले हा तास माझा. दोन_शिक्षकी, कात्री आणली आहे.

पालकांच्या ग्रुपवर राष्ट्रगीताचा मेसेज कुणी टाकला होता तेही कळलं. मीच, गेल्या १४ ऑगस्टला.