ब्लॅक मुलांचा समर प्रोग्राम वेगळा का हवा?

सांजवारा: या उन्हाळ्यात अटलांटात एका चर्चच्या हॉलमधल्या फ्रीडम स्कूलला गोष्ट वाचून दाखवायला गेले होते. सहा आठवड्यांचा प्रोग्राम, मुलं बहुतेक ब्लॅक. सकाळी आधी हरांबे, म्हणजे स्वाहिलीत 'सगळे मिळून ओढूया', अर्धा तास नुसती गाणी, टाळ्या, पाय आपटणं, फरशी हादरत होती आणि मग तीच पोरं पुस्तक उघडून गप्प. पुस्तकातल्या मुलीच्या वेण्यांत मणी ओवलेले. पुढ्यातल्या चिमुरडीने चित्रावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या वेणीवर, बोलली काहीच नाही. असे प्रोग्राम सरकारी पैशाने जागोजागी हवेत असं माझं मत.

खडूस ह्यूस्टनकर: नाही पटत. १९५४ ला ब्राऊन खटल्यात सुप्रीम कोर्टाने वंशावरून वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, त्यापायी लोकांनी मार खाल्ला, आणि आता आपणहून वेगळी चूल? गणित घ्या, कोडिंग घ्या. टाळ्या घरीही वाजवता येतात.

बटाटेभात: काका, तुमची नात रविवारी मराठी शाळेत जाते ती कुठली चूल म्हणे?

खडूस ह्यूस्टनकर: ती भाषेसाठी, आणि पदरच्या पैशाने. यांची भाषा इंग्रजीच आहे की.

सांजवारा: भाषा इंग्रजी हो, पण धड्यात ते कुठे होते? १९६४ ला मिसिसिपीत ब्लॅक लोकांना मतदार म्हणून नाव नोंदवू देत नव्हते, त्या उन्हाळ्यात चाळीसेक फ्रीडम स्कूल निघाल्या, वाचन-गणित आणि सोबत स्वतःचा इतिहास, हक्क, जे रोजच्या शाळेत कुणी शिकवत नव्हतं. आताचा प्रोग्राम मॅरियन राइट एडेलमन यांनी काढलेल्या चिल्ड्रन्स डिफेन्स फंड या मुलांसाठीच्या संस्थेचा, त्यांनी तेच नाव घेतलं. आणि कोर्टाने मोडली ती सक्ती. इथे दार उघडं आहे, आमच्याकडे दोन मेक्सिकन बहिणी होत्या, सगळ्यात जोरात त्याच ओरडायच्या.

शेवंती: फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना, आणि आपण इथे येऊन त्या गुलामांच्या पणतवंडांच्या टाळ्या मोजतोय 😄 पण सांजवारा, सहा आठवडे झाल्यावर काय? शाळा तीनला सुटते, आई सहाला येते. मी जिथे आफ्टरस्कूलला व्हॉलंटियर करायचे तिथे ग्रँट संपली आणि जानेवारीतच कुलूप लागलं, आठ-नऊ पोरं आठवडाभर पायरीवर येऊन बसायची. आधी रोजचा खाऊ आणि बस द्या, मग भांडा.

खडूस ह्यूस्टनकर: बस आणि खाऊ माझ्या टॅक्समधून खुशाल घ्या, त्याला कोण नाही म्हणतंय. हरांबेला नाही.

बटाटेभात: काका, गणपतीत ढोल कोणाच्या पैशाने वाजतो ते पण सांगा 🙏