दुधीच्या टिक्कीला बर्गर म्हणू नका

तिरफळ:
परवा इथे 'बिनतेलाचा पौष्टिक बर्गर' आला. ओट्स, जवस आणि दुधीची वाफवलेली टिक्की, ब्राऊन ब्रेड, सोबत एअर फ्रायरमधल्या रताळ्याच्या काचऱ्या. खाली सगळ्यांचं 'वा, करून बघते'. मी खरंच करून बघितला. मुलानं एक घास खाल्ला आणि विचारलं, "आई, कोणाला बरं नाहीये का?"

अहो, महिन्यातून दोनदा करायचा तर बर्गरसारखा करा की! खाटकाला सांगा, पाच भागांत एक भाग चरबी राहू दे. नुसत्या मांडीचा खिमा भुशासारखा लागतो. मटण धुऊन मग खिमा करून घ्या. खिमा धुतलात की तव्यावर पाणीच पाणी. कणकेसारखा मळू नका. मीठ टिक्की तव्यावर टाकताना. आधी घालून मळलं तर खिमा चिकट होतो, मग चावताना रबर. बिडाचा तवा धूर येईस्तोवर तापवा, टिक्कीच्या मधोमध अंगठ्यानं खळगा करा, नाहीतर फुगून चेंडू होतो. आत गुलाबी ठेवायचे लाड खिम्यात नकोत.

पौष्टिकपणा शेजारी वाढा. बारीक चिरलेला कोबी मीठ-लिंबू चोळून दहा मिनिटं ठेवा. वाफवलेली मोडाची मटकी, कांदा, कोथिंबीर. मेयॉनीजऐवजी चक्का, त्यात लसूण आणि फेसलेली मोहरी. झालं.

ज्वारीची_पोर:
ती पाककृती माझी. दुधी 'किसून घट्ट पिळा' असं लिहिलंय. तुम्ही पिळला होता का? नसणारच.

माझ्या वडिलांना चौदा वर्षं मधुमेह आहे. नातवंडं बर्गर खातात तेव्हा ते ताटात ज्वारीची भाकरी घेऊन बघत बसतात. 'कधीतरी चालतं' म्हणत म्हणत तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) नऊच्या वर गेली होती. त्यांच्यासाठी केलेल्या पदार्थाची टिंगल करायला तुम्हाला मजा आली असेल.

मूळचा_सातारकर:
वडिलांबद्दल वाईट वाटलं, पण रताळं उपवासाला चालतं म्हणून मधुमेहालाही चालतं का? 100 ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण 77 कॅलरी, रताळ्यात 86. वर भाजलेल्या रताळ्यानं साखर उकडलेल्यापेक्षा भराभर चढते. द्यायचंच तर उकडून द्या, तेही दोन फोडी. एअर फ्रायर विकणाऱ्यांनी सगळ्यांची डोकी फिरवलीत. तो म्हणजे पंखा लावलेला छोटा ओव्हन, बाकी काही नाही.

एडिसनवाला:
बर्गर म्हणजे बीफ. बाकी सगळी कटलेटं.

तिरफळ:
@एडिसनवाला, आलात? 1996 साली मॅकडोनाल्ड्स ही अमेरिकन साखळी भारतात आली तीच बीफ आणि पोर्क बाजूला ठेवून. महाराजा मॅक सुरुवातीला मटणाचाच होता. त्यांना जमलं, तुमचंच अडलंय.

पोदेराचो_पूत:
टिक्कीवरून एवढी हाणामारी आणि पावाबद्दल कोणी बोलत नाही! पाकिटातला तो गोड बन, दाबला की कापूस. रस लागला की मिनिटात लगदा. आमच्याकडे गोव्यात पोई मिळते, वरून गव्हाचा कोंडा, आतून पोकळ. पूर्वी पीठ माडीवर, म्हणजे नारळाच्या ताडीवर, फुगवायचे, आता बहुतेक यीस्ट. पण भट्टी लाकडाचीच हवी. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजला की पाव आल्याचं कळतं.

गिरगावची_सून:
लाकडाची भट्टी म्हणे! मुंबईत जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयानं बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला सहा महिने दिले, तेव्हा 'पावाची चव गेली' म्हणून गळे काढणारे तुम्हीच ना?

पोदेराचो_पूत:
चव जातेच! गॅसच्या पावाला कड नसते. आणि पिढ्यान्‌पिढ्या भट्टी चालवणाऱ्यानं एका झटक्यात नवा ओव्हन आणायचा कुठून? शहराचा धूर काय फक्त पावातून येतो? गाड्या, बांधकामं दिसत नाहीत?

गिरगावची_सून:
सहा वर्षं बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहिले आहे. पहाटे तीनला भट्टी पेटायची, ओला फर्निचरचा भंगार लाकूडफाटा, त्यावर रंग तसाच. मुलीला नेब्युलायझर लावून बसायचे. खिडकी उघडली तर धूर, बंद केली तर उकाडा. बेकरीवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "भाभी, ताजा पाव खाती हो ना?" तुमची ती कड तुम्हाला लखलाभ.

मूळचा_सातारकर:
रंगवलेलं लाकूड जाळणं चूकच. पण बेकरीला मदत न करता नुसता हुकूम...

गिरगावची_सून:
मदत करा ना, मी कुठे अडवलंय? आधी धूर बंद करा.

एडिसनवाला:
धागा बर्गरचा होता बहुतेक.

पोदेराचो_पूत:
तुम्ही कटलेटं मोजा. ताई, मुलीचं वाचून गप्प झालो. भंगार जाळणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. आमच्या पोदेराकडे सुकं लाकूड असतं, एवढंच म्हणतो.

ज्वारीची_पोर:
काल चक्का-मोहरी करून पाहिली. चांगली लागते, लिहिणारीचा स्वभाव कसाही असो. बाबांना अर्ध्या पावावर छोटी मटणाची टिक्की दिली, त्याआधी वाटीभर कोबी आणि मटकी खायला लावली. दोन तासांनी साखर तपासली, नेहमीपेक्षा फार वर नव्हती. एका दिवसावरून मी काही ठरवणार नाही. रताळं मात्र उकडलेलंच. @सातारकर, फार फुगू नका.

तिरफळ:
मी दुधी पिळून पुन्हा केला. वाटीभर पाणी निघालं, तुमचं खरं होतं. पण वाफवला नाही, बिडावर थोड्या तेलात खरपूस भाजला. मुलानं दोन खाल्ले. बर्गर म्हणणार नाही, दुधीचं थालीपीठ म्हणेन.

ज्वारीची_पोर:
तेल किती घातलंत?

तिरफळ:
विचारू नका.