सगळ्यांना सारखंच बिल: स्वित्झर्लंडमधली महागाई नक्की कुणाला चावते?

आल्प्समधला_अण्णा

दिवाळीला मेव्हण्याचा फोन आला, म्हणे तुमचं काय बुवा, फ्रँकमध्ये कमावता, तुम्हाला कसली आलीय महागाई. मी हो हो केलं आणि फोन ठेवला. समोर टेबलावर हेल्थ इन्शुरन्सचं पाकीट पडलेलं. इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, ऑक्टोबर आला की हे पाकीट येतं, पुढच्या वर्षीचा हप्ता कळतो आणि मग ३० नोव्हेंबरच्या आत कंपनी बदलायची धावपळ सुरू. २०२४ ला सरासरी ८.७ टक्के वाढ, २०२५ ला ६, २०२६ साठी ४.४. आम्ही दोघं आणि एक पोर, महिन्याला हजार फ्रँकच्या घरात जातात नुसते हप्त्याचे, आणि डॉक्टरकडे गेलं की पहिले काही पैसे परत आपल्याच खिशातून.

पण मला माझं रडगाणं गायचं नाहीये, आमचं भागतं. मुद्दा असा आहे की १९९६ पासून हा विमा सक्तीचा आहे आणि हप्ता पगारावर नाही. एकाच गल्लीत बँकेचा डायरेक्टर राहत असेल आणि त्याच बँकेत लादी पुसणारी बाई राहत असेल, तर त्याच कंपनीच्या त्याच पॉलिसीला दोघांना बिल सारखं. पगारात वीस पट फरक, बिलात शून्य.

आमच्या ऑफिसात संध्याकाळी साफसफाईला एक पोर्तुगीज बाई येतात, पन्नाशीच्या असतील. मार्चमध्ये बघितलं तर एका हाताने कचऱ्याची पिशवी बांधतायत आणि दुसरा हात गालावर. विचारलं काय झालं, तर दाढ. म्हटलं दाखवलं का, तर म्हणाल्या, ऑगस्टमध्ये गावाला जाईन तेव्हा काढीन. मार्च ते ऑगस्ट! दाताचं काम बेसिक विम्यात बसत नाही, आणि हप्ता कमी यावा म्हणून त्यांनी २५०० ची फ्रांशीझ घेतलेली, म्हणजे वर्षाला पहिले अडीच हजार फ्रँक स्वतःचे. थोडक्यात, विमा भरतात पण डॉक्टरकडे जात नाहीत. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांपैकी एक म्हणे. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_काका

अण्णा, वीस वर्षं झाली मला या देशात, दर ऑक्टोबरला हाच सूर ऐकतोय. जरा आकडे बघा. २०२४ मध्ये इथला मधला पगार, म्हणजे अर्धे लोक वर अर्धे खाली असा, महिन्याला ७०२४ फ्रँक. २०२२ ला सगळा युरोप ८ टक्क्यांच्या वर महागाईत होरपळत होता तेव्हा इथे २.८ होती. आणि कमी पगारवाल्यांना हप्त्यात सरकारी सूट मिळते, चौथा हिस्सा लोकसंख्या घेते ती, ते का नाही लिहिलंत? सोयीस्कर विसरलात.

आणि त्या बाईंचं म्हणाल तर मला वाईट वाटतं, पण मी अशी पाच-सहा पोर्तुगीज कुटुंबं ओळखतो, त्यांनी गावाकडे दुमजली घरं बांधलीत याच लादी पुसण्यावर. लिस्बनमध्ये लादी पुसून बांधता आलं असतं का? मग हा देश वाईट कसा?

पेठेतली_माई

मी पुण्यातून लिहितेय, माफ करा मध्ये पडतेय. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचीही दाढ दुखत होती, त्यांनी लवंग धरली आणि दुसऱ्या दिवशी पाच घरची भांडी घासली. त्यांना ऑगस्ट नाही आणि गावचं घरही नाही. तुमचं वाचून खोटं सांगत नाही, थोडं हसू आलं. गरिबी बघायची तर इकडे या की.

आल्प्समधला_अण्णा

माई, हसा, हक्क आहे तुमचा. पण मावशींना विमा सक्तीचा असता आणि तरी लवंगच धरावी लागली असती तर काय म्हणाला असता, एवढंच माझं विचारणं आहे. शेजाऱ्याचं घर जळतंय म्हणून आपल्या घरात साप निघाला तर तो साप नाही असं होत नाही ना.

काका, सूट मिळते, कबूल, लिहायला हवं होतं. ती कँटनवार, म्हणजे राज्याराज्यात, बदलते, कुठे आपोआप कळवतात कुठे स्वतः अर्ज करावा लागतो, आणि ज्याला जर्मन भाषेत आलेलं पत्र वाचता येत नाही तो काय अर्ज करणार. बाकी तुमच्या त्या २.८ टक्क्यांची एक गंमत सांगतो. इथल्या महागाई निर्देशांकात सक्तीच्या हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता धरतच नाहीत! त्याचा वेगळा इंडेक्स निघतो, तो पेपरात मोठ्या अक्षरात कधी येत नाही. म्हणजे घरातला एवढा मोठा खर्च बाजूला ठेवायचा आणि मग म्हणायचं बघा महागाई किती कमी. आमची आई म्हणायची ना, वजन करायला उभं राहायचं आणि एक पाय जमिनीवर.

खडूस_काका

हप्ता धरत नाहीत कारण तो वस्तूचा भाव नाहीये. डॉक्टरची फी, औषधांच्या किमती धरतात त्यात. हप्ता वाढतो कारण लोक जास्त म्हातारे होतायत, जास्त उपचार घेतायत. याला लबाडी म्हणत नाहीत, याला व्याख्या म्हणतात.

बासेलकर_बंड्या

व्याख्येने पोट भरत असतं तर काय पाहिजे होतं 😄 काका, माझ्या खात्यातून जातात ते पैसे व्याख्येप्रमाणे जात नाहीत हो, एक तारखेला जातात.

जिनिव्हाची_जाई

मी जिनिव्हात असते आणि मला या विषयावर बोलायचंच होतं कधीपासून. मे २०२० आठवतो का कुणाला? इथल्या व्हर्ने आइस रिंकपाशी शनिवारी फुकट अन्नाच्या पिशव्या वाटायचे, भात पास्ता तेल साबण असं वीसेक फ्रँकचं सामान, आणि रांग एक किलोमीटरच्या वर. पहाटेपासून लोक उभे. जगभरच्या टीव्हीवर आलं ते. मी सायकलवरून जात होते तर रांगेत आमच्या वरच्या मजल्यावरच्यांकडे मुलं सांभाळायला येणारी बाई दिसली. तिने मला बघितलं, मी तिला बघितलं, आणि दोघींनी एकदमच मान वळवली. नंतर जिन्यात भेटायची तेव्हा बोंजूर म्हणायची, तो विषय कधीच निघाला नाही.

लॉकडाऊन लागून दोन महिने झाले नव्हते हो. म्हणजे ही माणसं आधीपासून इथेच होती, आमची घरं पुसत होती, आमची म्हातारी माणसं बघत होती, फक्त एक पगार चुकला आणि रांगेत आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिनिव्हाने मतदान करून ताशी २३ फ्रँक किमान वेतन आणलं, आता २४ च्या वर आहे. त्याने हॉटेलं बंद पडली नाहीत, आधी सगळे तेच ओरडत होते.

खडूस_काका

जाई, ती रांग मुख्यतः बिनकागदाच्या लोकांची होती. त्यावरून देश मोजणार का?

जिनिव्हाची_जाई

हो, मोजणार. मुलं सांभाळायला दिली तेव्हा कागद विचारले होते का कुणी?

खडूस_काका

बरं मग लोकशाहीचं बोलू. इथे सगळं मतदानाने ठरतं, असा देश जगात दुसरा दाखवा. २०१४ ला सगळ्या देशाला किमान वेतन द्यायचा प्रस्ताव आला, ताशी २२ फ्रँक, ७६ टक्के लोक नाही म्हणाले. जून २०२४ ला हप्ता उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या वर नको असा प्रस्ताव आला, पडला. ३० नोव्हेंबर २०२५ ला ५ कोटी फ्रँकच्या वरच्या वारशावर ५० टक्के कर लावा म्हणून आलं, ७८ टक्के नाही. श्रीमंत किती असतील हो ७८ टक्क्यांत? शेतकरी, बसड्रायव्हर, नर्स यांनीच नाही म्हटलं ना. कारण त्यांना कळतं की हे लोक उद्या सामान उचलून गेले तर कर कोण भरणार. अण्णा, तुम्हाला जनतेपेक्षा जास्त कळतं का?

गणिताचा_मास्तर

काका, एक बेरीज राहिली. या देशात राहणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त लोक परदेशी पासपोर्टवाले आहेत, त्यांना देशपातळीवर मत नाही. ती पोर्तुगीज बाई त्यात, मी त्यात, बहुतेक अण्णाही त्यात. लादी कोण पुसतं, भिंती कोण रंगवतं, हॉटेलात भांडी कोण घासतं ते बघा आणि मग सांगा ७६ टक्के म्हणजे कुणाचे ७६ टक्के.

आणि जिथे मतदारांच्या स्वतःच्या खिशाचा प्रश्न आला तिथे हेच लोक हो म्हणाले की. मार्च २०२४, तेरावं पेन्शन, म्हणजे वर्षाला एक महिन्याचं जास्तीचं, ५८ टक्के. कारण सरकारी पेन्शनचा कमाल आकडा तेव्हा महिन्याला २४५० होता आणि झुरिकमध्ये दोन खोल्यांचं भाडं भरलं की त्यात उरतं काय ते मतदार आजी-आजोबांना चांगलं ठाऊक आहे.

बासेलकर_बंड्या

मास्तर +१. शिवाय मदत मागायची सोय पण नाही. सोशल, म्हणजे सरकारी गरजूंची मदत, घेतलं तर स्विस पासपोर्टचा अर्ज लटकतो, तीन वर्षं मागे बघतात. २०१९ पासून तर सी परमिट, म्हणजे कायम राहायचा परवाना, तोही खाली उतरवू शकतात. माझ्या टीममधल्या एकाची नोकरी गेली, बेकारी भत्ता संपला, तरी सोशलच्या ऑफिसची पायरी चढला नाही, रात्री पार्सलं उचलत होता. सरकारी आकड्यात गरीब सात लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे आठ टक्के, आणि २०२३ ची रेषा म्हणाल तर एकट्या माणसाला २३१५ फ्रँक. त्याच्या थोडं वर असलेला माणूस गरीब नाही म्हणे! एका दुखऱ्या दाढेचं अंतर आहे दोघांत.

पेठेतली_माई

हे मतदानाचं आणि परमिटचं मला माहीत नव्हतं. मघाचं हसणं मागे घेते. पूर्ण नाही, अर्धं 🙂 एक विचारू का, मग एवढं आहे तर परत का येत नाही कुणी?

बासेलकर_बंड्या

माई, कारण ट्रेन वेळेवर येते 😂 आणि खरं सांगू, कारण माझं भागतं. चर्चा ज्यांचं भागत नाही त्यांची चाललीय आणि ते इथे मराठीत लिहायला येणार नाहीत.

खडूस_काका

म्हणजे बघा, स्वतःचं भागतं, दर शनिवारी गाडी काढून जर्मनीत कॉन्स्टान्झला जाऊन स्वस्तात चीज-चिकन भरून आणायचं, तिथे हिरवी चिठ्ठी भरून व्हॅट परत घ्यायचा, आणि घरी येऊन इथल्या विषमतेवर गळा काढायचा. इथल्या दुकानातली मुलगी मग ताशी किती कमावणार?

आल्प्समधला_अण्णा

काका, हे मात्र लागलं. जातो मी कॉन्स्टान्झला. बाहेरून आणलेल्या मालावर इथला व्हॅट माफ असायची मर्यादा जानेवारी २०२५ पासून माणशी ३०० फ्रँकवरून १५० वर आणली तरी जातो, पोराला पण मोजून तीन माणसं करतो. पण गाडी आहे म्हणून जातो, आणि वेळ आहे म्हणून. त्या बाई शनिवारी दुसऱ्या ऑफिसात कामाला असतात, त्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आधी अर्ध्या किमतीच्या स्टिकरची पावं शोधतात. म्हणजे स्वस्ताई पण ज्याचं भागतं त्यालाच परवडते, हे तुम्हीच सिद्ध केलंत.

गणिताचा_मास्तर

विषय निघालाच आहे तर भाड्याचं सांगतो, हप्त्यावर सगळे बोलतात यावर कुणी बोलत नाही. इथे साठ टक्क्यांच्या वर लोक भाड्याने राहतात. भाडं एका सरकारी संदर्भ व्याजदराला बांधलेलं असतं. जून २०२३ ला तो १.२५ टक्क्यांचा १.५ झाला, डिसेंबरला १.७५. लगेच घराघरात पत्रं, भाडं वाढलं. बरोबर? आता तोच दर मार्च २०२५ ला १.५ वर आणि सप्टेंबरला परत १.२५ वर आलाय. किती जणांना भाडं कमी झाल्याचं पत्र आलं? हात वर करा.

नाही येणार. वाढ घरमालक स्वतःहून कळवतो, घट भाडेकरूने मागायची असते. १.७५ वर ठरलेलं भाडं असेल तर १.२५ ला ५.६६ टक्के कमी व्हायला हवं, २००० भाडं असेल तर महिन्याला ११३ फ्रँक. मालक महागाई आणि खर्चाचे थोडे कापून घेतो, तरी हातात काहीतरी पडतंच. ज्याला पत्र लिहिता येतं त्याला पडतं.

नुसताच_वाचक

पहिल्यांदाच लिहितोय. मास्तर, हे मला खरंच माहीत नव्हतं. २०२३ मध्ये दोनदा वाढ आली ती मुकाट भरतोय. नमुना मिळेल का पत्राचा? बायको म्हणते मालक चिडला तर काय, इथे दुसरं घर मिळायला पन्नास माणसांची रांग असते बघायला.

गणिताचा_मास्तर

चिडू द्या. चार ओळी पुरतात, सध्याचं भाडं कुठल्या दरावर ठरलंय, आता दर किती, कमी करावं ही विनंती, करारातल्या घर सोडायच्या पुढच्या तारखेपासून. रजिस्टर्डने पाठवा, पावती ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर भाड्याच्या तंट्यांच्या समेट कार्यालयात जायचं, तिथे फी नाही. जर्मन मसुदा मेसेज करतो.

खडूस_काका

यात अन्याय काय आहे ते मला कळत नाही. माझे स्वतःचे दोन फ्लॅट आहेत भाड्याने. कुणी मागितलं तर मी कायद्याने जे होतं ते देईन, एका दिवसात देईन. न मागता का देऊ? मला बँकेने न मागता कधी काही दिलंय?

गणिताचा_मास्तर

काका, २०२३ ला तुम्ही वाढवलं होतं का?

खडूस_काका

दोन्ही वेळा. फॉर्म भरून, मुदतीत, नियमाप्रमाणे.

बासेलकर_बंड्या

काका, तुमच्या भाडेकरूंना मराठी येतं का हो?

खडूस_काका

एकाला येतं. म्हणून तर टोपणनावाने लिहितो.