गाडी जॅकवर चढवली की खटखट लपते

खड्ड्यात गाडीच्या खालून खटखट आवाज आला म्हणजे शॉकअप (चाकांचे झटके जिरवणारे दांडे) गेले, जोडीने बदलून टाका, असा सल्ला दिला जातो. मला हे घाईचं वाटतं. शॉकअप गेला असेल तर गाडी खड्ड्यानंतर झोके खात राहते, किंवा त्याच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं. वीसच्या स्पीडला, बारीक खाचांवर, एकाच बाजूने सुकी खटखट येत असेल तर आधी स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडी कलू न देणारा, दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा दांडा) लिंक रॉड बघा, म्हणजे त्या बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी दांडी. पारोळा-अमळनेर भागात काळ्या मातीवरच्या रस्त्यांना पावसाळ्यानंतर ज्या लाटा येतात, तिथे माझी गाडी असाच आवाज करायची. दोन ठिकाणी एक बाजू जॅकवर घेऊन लिंक हलवून पाहिली, "टाइट आहे" म्हणाले. पण एकच चाक उचललं की बार पिळला जातो, लिंक ताणात येते आणि ढिलाई कळतच नाही. शेवटी धुळ्याच्या एका वयस्कर मिस्तरींनी गाडी चारही चाकांवर पिटवर (खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर) उभी केली, पोराला वरून गाडी हलवायला लावली आणि मला म्हणाले, "आठे (इथे) बोट ठेव, भाऊ." लिंकच्या टोकाच्या सांध्यावरचं रबराचं बूट (टोपण) अख्खं होतं, पण आतला बॉल बोटाला टक्‌टक् लागत होता! फक्त लिंका बदलल्या, आवाज बंद.

आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणारा हात) रबरी बुश, म्हणजे त्याच्या जोडातली रबरं, बदलणार असाल तर मिस्तरींना एवढं नक्की सांगा: बोल्ट शेवटचा आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. आर्म लटकता ठेवून आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.